मकाह जमातीचा देवमासे-शिकारीचा हक्क

मकाह जमातीचा देवमासे-शिकारीचा हक्क हा अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मकाह ही आदिवासी जमात यांच्यात ३१ जानेवारी १८५५ रोजी झालेल्या नीया बेच्या तहाने राखून ठेवलेला हक्क होय. अमेरिकन सरकारने आदिवासी जमातींशी केलेल्या शेकडो तहांपैकी देवमाशाच्या शिकारीचा स्पष्ट शब्दांत उल्लेख असलेला हा एकमेव तह आहे. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यामुळे हा हक्क आणि वन्यजीव संरक्षण यांच्यात संघर्ष उभा राहिला. १९९५ पासून हा वाद न्यायालये, सरकारी खाती आणि आंतरराष्ट्रीय आयोग यांच्यापुढे चालत आला असून या सर्व काळात जमातीला कायदेशीर रीतीने केवळ एक देवमासा मिळाला आहे, तोही १७ मे १९९९ रोजी.

मराठीत रूढ असलेला 'देवमासा' हा शब्द येथे वापरला असला, तरी हा प्राणी मासा नसून सस्तन आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तहातही मासेमारी आणि देवमाशांची शिकार या दोन बाबी वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत.

मकाह लोक

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, ऑलिंपिक द्वीपकल्पावरील केप फ्लॅटरी या भूशिराभोवती मकाह लोकांची वस्ती आहे. एका बाजूला प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूला हुआन दे फुका सामुद्रधुनी असा हा प्रदेश आहे. नीया बे हे त्यांचे मुख्य गाव. 'मकाह' हे नाव शेजारच्या सेलिश भाषक जमातींनी दिलेले असून त्याचा अर्थ 'अन्नदानात उदार' असा सांगितला जातो. हे लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ 'खडक आणि समुद्रपक्षी यांच्या सान्निध्यात राहणारे' असा होतो. त्यांची भाषा वाकाशन कुलातील असून कॅनडातील व्हँकूवर बेटावरच्या नू-चाह-नुल्थ लोकांच्या भाषेशी तिचे जवळचे नाते आहे. ही भाषा मातृभाषा म्हणून अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती २००२ मध्ये निवर्तली. देवमाशाच्या शिकारीसाठी जमातीने धरलेला आग्रह समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

या शिकारीच्या प्राचीनतेचा सर्वांत भक्कम पुरावा ओझेट या गावात सापडला. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी दरड कोसळून या गावातील काही घरे चिखलाखाली गाडली गेली. चिखलात हवा न शिरल्यामुळे लाकूड, दोर, टोपल्या अशा एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू जशाच्या तशा राहिल्या. १९७० च्या हिवाळ्यातील वादळाने किनारा खचला, तेव्हा या वस्तू उघड्या पडू लागल्या आणि रिचर्ड डॉहर्टी या पुरातत्त्वज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९८१ पर्यंत उत्खनन चालले. मिळालेल्या ५५,००० हून अधिक वस्तूंमध्ये शिकारीची साधने, देवमाशांची हाडे आणि देवमाशाच्या पाठीवरील पराच्या आकाराची, समुद्री ऊदमांजराचे सातशेहून अधिक दात जडवलेली लाकडी कोरीव वस्तू यांचा समावेश आहे. या वस्तू दूरच्या विद्यापीठात न नेता नीया बे येथेच ठेवण्याचा आग्रह जमातीने धरला आणि त्यासाठी १९७९ मध्ये तेथे संग्रहालय उघडण्यात आले. ओझेट गाव विसाव्या शतकाच्या आरंभी ओस पडले. मुलांनी नीया बेच्या सरकारी शाळेत गेलेच पाहिजे अशी सक्ती झाल्याने कुटुंबेही त्यांच्यामागून निघून गेली होती.

पारंपरिक शिकार

शिकार सीडर वृक्षाच्या एकाच खोडातून कोरलेल्या होडीतून होत असे. होडीत आठ जण असत. हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, यू वृक्षाच्या लाकडाचा असून त्याच्या टोकाला मोठ्या शिंपल्याचे पाते आणि एल्क हरणाच्या शिंगाचे आकडे बसवलेले असत. दोराला सीलच्या अखंड कातड्याचे, हवा भरलेले फुगे बांधत. भाला रुतल्यावर देवमासा बुडी मारी, पण फुग्यांच्या ओढीने तो थकत जाई. तो मेल्यावर एक जण पाण्यात उडी घेऊन त्याचे तोंड दोराने शिवून टाकत असे. असे न केल्यास आत पाणी शिरून तो बुडण्याची भीती असे. मग होड्यांनी ओढून तो किनाऱ्याला आणत. या कामाला कधी कधी दिवसाहून अधिक वेळ लागे.

भाला मारण्याचा अधिकार काही घराण्यांतच चालत येई. शिकारीपूर्वी कित्येक महिने थंड पाण्यातील स्नाने, उपवास, प्रार्थना आणि ब्रह्मचर्य पाळले जाई. शिकारी समुद्रात असताना त्याच्या पत्नीने घरात निश्चल पडून राहावे, म्हणजे देवमासाही शांत राहतो, अशी समजूत होती. मांस आणि चरबीची वाटणी प्रत्येकाच्या मानाप्रमाणे होई. पाठीवरचा मानाचा तुकडा भाला मारणाऱ्या प्रमुखाकडे जाई व त्यासाठी स्वतंत्र विधी असत. देवमाशाच्या तेलाचा व्यापारही मोठा होता. नीया बेच्या शाळेत १८६० च्या दशकात शिक्षक म्हणून आलेल्या जेम्स स्वॅन याने या सर्व गोष्टी बारकाईने टिपल्या. स्मिथसोनियन संस्थेने १८७० मध्ये प्रसिद्ध केलेला त्याचा ग्रंथ आजही या विषयाचा मूलाधार मानला जातो.

नीया बेचा तह

वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने १८५४ ते १८५६ या काळात वायव्येकडील जमातींशी घाईघाईने अनेक तह केले. त्याचा हेतू वसाहतवाल्यांसाठी जमीन मोकळी करण्याचा होता. मकाह लोक तहाला बसले तेव्हा दोनच वर्षांपूर्वी आलेल्या देवीच्या साथीने त्यांची गावे रिकामी केली होती आणि अनेक वडीलधारे पुढारी दगावले होते. बोलणी चिनूक नावाच्या व्यापारी मिश्रभाषेतून झाली. या भाषेत शब्द जेमतेम काही शेकडा होते. अशा भाषेतून जमीन, हक्क आणि सार्वभौमत्व यांसारख्या कल्पना दुसऱ्या बाजूला कितपत पोहोचल्या असतील, हा प्रश्न उरतोच.

तरीही एका मुद्द्यावर मकाह पुढाऱ्यांनी संदिग्धता राहू दिली नाही. सभेच्या इतिवृत्तानुसार, जमीन देण्यास आपली हरकत नाही, परंतु समुद्र हाच आपला देश आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. देवमाशांची शिकार थांबवण्याचा सरकारचा विचार नसून उलट ती वाढावी यासाठी साहित्य पुरवले जाईल, असे आश्वासन स्टीव्हन्सने दिले. तहाच्या चौथ्या कलमात मासेमारी, देवमाशांची शिकार आणि सीलची शिकार हे हक्क जमातीच्या नेहमीच्या ठिकाणी, संयुक्त संस्थानांच्या सर्व नागरिकांसह, राखून ठेवण्यात आले. त्याबदल्यात जमातीने सुमारे तीन लाख एकर जमीन सोडली. सिनेटची मान्यता १८५९ मध्ये मिळाली.

अमेरिकन कायद्यानुसार अशा तहाने सरकार जमातीला काही 'देत' नाही. जे मुळात जमातीचेच होते त्यातील काही भाग ती स्वतःकडे राखून ठेवते. सर्वोच्च न्यायालयाने १९०५ च्या वायनन्स खटल्यात हे तत्त्व सांगितले. भारतातील अनुसूचित जमातींचे हक्क संविधान आणि कायदे यांतून आलेले आहेत. तेथे तहाचा असा आधार नाही. म्हणून या वादाची तुलना भारतातील वनहक्कांच्या प्रश्नाशी करताना मराठी वाचकाने हा फरक लक्षात घ्यावा.

शिकार बंद पडली

करडा देवमासा दरवर्षी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातील खाजणांपासून बेरिंग व चुकची समुद्रापर्यंत जाऊन परत येतो. त्याच्या या वाटेवर मकाह लोकांचा किनारा लागतो. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन व्यापारी जहाजांनी बाहाच्या खाजणांत शिरून पिलांसह माद्या मारण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकात कारखानाजहाजे आली. देवमाशांची संख्या इतकी घटली की १९२० च्या दशकाच्या अखेरीस मकाह लोकांनी स्वतःहून शिकार थांबवली. संहार व्यापारी जहाजांनी केला होता. मात्र शिकार सोडण्याची पाळी मकाहांवरही आली.

करड्या देवमाशांना १९३७ पासून आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळाले. १९४६ मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या नियमनासाठी आंतरराष्ट्रीय करार होऊन इंटरनॅशनल व्हेलिंग कमिशन हा आयोग अस्तित्वात आला. मूळ रहिवाशांच्या निर्वाहासाठी होणाऱ्या शिकारीला त्याच्या नियमांत वेगळे स्थान आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आणि १९७३ मध्ये संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला. पूर्वेकडील करड्या देवमाशांची संख्या वाढत गेली आणि १६ जून १९९४ रोजी त्यांचे नाव संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून वगळण्यात आले.

१९९९ ची शिकार

यादीतून नाव निघताच, मे १९९५ मध्ये जमातीने आपला हक्क पुन्हा वापरण्याचा मनोदय सरकारला कळवला. सरकारने आयोगाकडे जमातीच्या वतीने मागणी करण्याचे मान्य केले. १९९६ च्या ॲबर्डीन येथील बैठकीत पुरेसा पाठिंबा न दिसल्याने ही मागणी मागे घ्यावी लागली. पुढील वर्षी मोनॅको येथे अमेरिकेने रशियाबरोबर संयुक्त मागणी केली. सायबेरियाच्या चुकोत्का भागातील मूळ रहिवासी आणि मकाह यांच्यासाठी मिळून पाच वर्षांत ६२० करडे देवमासे मंजूर झाले. त्यांपैकी मकाहांचा वाटा वर्षाला सरासरी चार होता. ज्यांच्या पारंपरिक गरजांना मान्यता मिळाली आहे अशांसाठीच ही मर्यादा, असे शब्द ठरावात घातले गेले. मात्र ही मान्यता कोणी द्यायची, हे मोघमच ठेवण्यात आले. तडजोडीसाठी ठेवलेली ही संदिग्धता पुढे दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने वापरली.

१७ मे १९९९ च्या सकाळी सीडरच्या होडीतून मकाह शिकाऱ्यांनी सुमारे नऊ मीटर लांबीच्या मादीला हार्पून मारले आणि सोबतच्या मोटारबोटीतून मोठ्या बंदुकीने गोळ्या झाडून तिला ठार केले. बंदुकीवर विरोधकांनी बरीच टीका केली. परंतु प्राण्याचा मृत्यू शक्य तितका लवकर व्हावा म्हणून बंदुकीची अट सरकार आणि जमात यांच्यातील व्यवस्थेतूनच आली होती. केवळ भाल्याने शिकार केली असती तर क्रौर्याचा आरोप झाला असता. शिकारीचे चित्रण हेलिकॉप्टरमधून थेट दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. नीया बे येथे सत्तर वर्षांनंतर देवमाशाचे मांस वाटले गेले व दूरदूरच्या जमातींचे लोक मेजवानीला आले. त्याच वेळी जमातीला वंशद्वेषी पत्रे आणि धमक्याही आल्या. जमातीतही सर्वांचे एकमत नव्हते. काही ज्येष्ठ व्यक्तींनी उघडपणे विरोध केला होता. या मादीचा सांगाडा पुढे नीया बेच्या संग्रहालयात ठेवण्यात आला.

न्यायालयीन लढा

पहिला महत्त्वाचा निकाल ९ जून २००० रोजी मेटकाफ विरुद्ध डेली या खटल्यात लागला. फिर्यादींमध्ये जॅक मेटकाफ हे काँग्रेसचे सदस्य होते. नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने असे ठरवले, की सरकारने जमातीला पाठिंबा देण्याचा करार आधी केला आणि पर्यावरणावरील परिणामांची पाहणी नंतर केली, म्हणजे ती पाहणी आधीच घेतलेल्या निर्णयाचे समर्थन करण्यापुरती राहिली. तहाचा अर्थ काय, या मुद्द्याला मात्र या निकालाने हात लावला नाही.

तो मुद्दा अँडरसन विरुद्ध इव्हान्स या खटल्यात आला. २० डिसेंबर २००२ रोजी दिलेल्या आणि २००४ मध्ये सुधारलेल्या निकालात त्याच न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. शिकारीचा स्थानिक देवमाशांवर होणारा परिणाम अनिश्चित असल्याने पर्यावरणीय परिणामांचा संपूर्ण अहवाल आवश्यक आहे. आणि तह असला तरी जमातीला सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली सूट मागावी लागेल.

दुसऱ्या मुद्द्यावरील युक्तिवाद मुळातून पाहण्यासारखा आहे. तहाने दिलेला हक्क रद्द करण्याचा अधिकार अमेरिकन काँग्रेसला आहे, हे १९०३ च्या लोन वुल्फ खटल्यापासून मान्य आहे. पण असा हक्क अनवधानाने रद्द होत नाही. काँग्रेसने संघर्षाचा विचार केला होता आणि जाणूनबुजून तह बाजूला सारला, याचा स्पष्ट पुरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डायन खटल्यात सांगितले. त्या खटल्यात गरुडसंरक्षणाच्या कायद्याबाबत असा पुरावा सापडला होता. सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यात अलास्काच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांना निर्वाहासाठी सूट आहे, परंतु मकाहांचा उल्लेख नाही. हा उल्लेख नसणे म्हणजे तह मोडण्याचा हेतू की केवळ विस्मरण, यावर दोन्ही बाजूंनी वाद घातला गेला.

न्यायालयाने हा प्रश्न सोडवलाच नाही. तह रद्द झाला की नाही हे न ठरवता त्याने वायव्येकडील मासेमारीच्या खटल्यांतून आलेली 'संवर्धनासाठी आवश्यकता' ही कसोटी लावली: कायदा भेदभाव न करता सर्वांना लागू असेल आणि त्याचा उद्देश साधण्यासाठी तो तहधारकांना लावणे आवश्यक असेल, तर तो लावता येतो. तहातील 'सर्व नागरिकांसह' या शब्दांना येथे वजन आले. या शब्दांमुळे जमात आणि इतर नागरिक यांचे नाते सामाईक मालकांसारखे होते आणि सामाईक मालमत्ता नष्ट करण्याचा हक्क कोणत्याही एका मालकाला नसतो, असे न्यायालयाने म्हटले. ज्यांनी गावाकडे सामाईक विहिरीचे तंटे पाहिले आहेत त्यांना हा तर्क परका वाटणार नाही. मात्र यातील एक विसंगती टीकाकारांनी दाखवली आहे. १९७४ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी याच अर्थाच्या शब्दांवरून वॉशिंग्टनमधील तहधारक जमातींना पकडण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा दिला होता. एका निकालात जमातीचा हिस्सा निश्चित करणारे शब्द दुसऱ्या निकालात तिच्यावर मर्यादा घालणारे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने मकाहांच्या या प्रश्नावर निर्णय दिलेला नाही.

२००७ ची अनधिकृत शिकार

जमातीने १४ फेब्रुवारी २००५ रोजी सूट मिळण्यासाठी अर्ज केला. अडीच वर्षांनंतरही निर्णय दृष्टिपथात नव्हता. ८ सप्टेंबर २००७ रोजी जमातीच्या पाच पुरुषांनी परवाना नसताना एका करड्या देवमाशाला हार्पून मारले व गोळ्या घातल्या. तटरक्षक दलाने त्यांना ताब्यात घेतले. जखमी प्राणी कित्येक तास तडफडून मेला आणि बुडाला. त्याचे मांस कोणालाच मिळाले नाही. जमातीच्या परिषदेने या कृत्याचा निषेध केला. पाचही जणांवर संघीय न्यायालयात दोष ठेवला जाऊन दोघांना तुरुंगवास झाला. या घटनेने जमातीच्या बाजूचे मोठे नुकसान झाले, असे तिच्या समर्थकांचेही मत आहे.

२०२४ ची सूट

सूट देण्याची प्रक्रिया एकोणीस वर्षे चालली. २००८ चा मसुदा अहवाल नवी शास्त्रीय माहिती मिळाल्याने मागे घेण्यात आला, २०१५ मध्ये दुसरा मसुदा आला, नोव्हेंबर २०१९ मध्ये सिएटल येथे प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी झाली आणि २०२१ मध्ये न्यायाधीशांनी सूट देण्याची शिफारस केली. अंतिम निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर झाला.

दहा वर्षांत कमाल २५ देवमासे, म्हणजे वर्षाला दोन किंवा तीन, अशी ही सूट आहे. आकडा लहान दिसत असला तरी नियम गुंतागुंतीचे आहेत, कारण या किनाऱ्यावर तीन प्रकारचे करडे देवमासे दिसू शकतात. बहुसंख्य देवमासे उत्तरेकडे ये-जा करणारे असतात. सुमारे दोनशेहून थोडा अधिक असलेला एक गट आर्क्टिककडे न जाता उन्हाळाभर याच किनाऱ्यावर चरतो. आणि क्वचित आशियाच्या बाजूचे, आजही संकटग्रस्त असलेले देवमासे स्थलांतरात येथून जातात. हिवाळ्यात व वसंतात शिकार केली तर चरणाऱ्या स्थानिक गटाला धोका कमी होतो, पण आशियाई देवमासा सापडण्याची शक्यता राहते. उन्हाळ्यात आशियाई देवमाशांचा धोका टळतो, तर स्थानिक गट समोर येतो. यावर तोडगा म्हणून एका वर्षी हिवाळा-वसंतात तीनपर्यंत आणि दुसऱ्या वर्षी उन्हाळा-शरदात दोनपर्यंत, अशी आलटून-पालटून शिकार ठरवण्यात आली. स्थानिक गटातील १६ पेक्षा अधिक देवमासे मारता येत नाहीत व त्यांत माद्या ८ पेक्षा अधिक असू शकत नाहीत. पिले आणि पिलांसोबतच्या माद्या वर्ज्य आहेत. प्रत्यक्ष शिकारीसाठी याशिवाय वेगळा परवाना लागतो.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

विरोधकांत सी शेफर्ड, ॲनिमल वेल्फेअर इन्स्टिट्यूट आदी संस्था आहेत. सात दशके शिकारीवाचून राहिलेल्या समाजाला निर्वाहासाठी तिची गरज नाही, देवमासा हा बुद्धिमान प्राणी असून त्याला यातनांशिवाय मारता येत नाही, आणि 'सांस्कृतिक गरज' हे कारण मान्य केल्यास जपान, नॉर्वे यांसारख्या देशांना वाट मोकळी होईल, असे त्यांचे मुख्य आक्षेप आहेत. यातील शेवटचा आक्षेप काहीसा दुबळा आहे, कारण त्या देशांकडे असा तह नाही. यातनांचा आक्षेप मात्र तहाचे कलम दाखवून निकालात निघत नाही.

जमातीच्या मते शिकारीतील खंड हा परकीयांनी केलेल्या संहाराचा आणि शाळा, भाषाबंदी व विधींवरील निर्बंध या धोरणांचा परिणाम होता. त्याच खंडाचा पुरावा आता तिच्याविरुद्ध वापरला जात आहे. त्याशिवाय तहाची एक बाजू, म्हणजे जमीन, सरकारने केव्हाच पदरात पाडून घेतली आहे.

देवमाशांच्या संख्येतील चढउतारांनी हा वाद अधिक अवघड केला आहे. पूर्वेकडील करड्या देवमाशांची संख्या २०१६ च्या सुमारास २७,००० च्या घरात होती. डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत ६९० मृत देवमासे किनाऱ्यांवर आढळले. आर्क्टिकमधील अन्नाची टंचाई हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. संख्या १४,५०० च्या आसपास उतरली, मध्यंतरी थोडी सावरल्यासारखी दिसली आणि २०२५ च्या गणनेत सुमारे १३,००० अंदाजली गेली. या घटीच्या तुलनेत वर्षाला दोन-तीन देवमाशांची शिकार नगण्य आहे, असे समर्थक म्हणतात. घट होत असताना एकही मारणे अयोग्य, असे विरोधकांचे म्हणणे आहे.